कॅमेऱ्याकडं बघू नका

अण्णा, कॅमेऱ्याकडं बघू नका, हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतही तेच बडबडत असेन. तुमचं नेमकं उलटं होतं. भोरच्या आपल्या स्टुडिओत माणूस स्टुलावर येऊन बसला, की तुम्ही बोटानं त्याची हनुवटी वर करायचात आणि म्हणायचात, "डोळं हिकडं. हितं, भिंगात. ह्या काचंच्या मागं तुमची नातवंडं बसल्यात आसं समजा." समोर सोयरिकीसाठी फोटो काढायला आलेली कोवळी पोरगी असली तरी हेच. ती बिचारी नातवंडांचं नाव ऐकून कानापर्यंत लाल व्हायची आणि तिची आई पदरात हसायची. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी भांडले खूप, बोलले कमी. या महिन्यात जे झालं ते मात्र तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. आईला सांगून बघितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, थांब, चहा टाकते.

मी अजून तेच करते, अण्णा. माहितीपट. तुम्ही बाजारपेठेत सांगत फिरायचात, पोरगी पिच्चर काढती, आणि मग लोक मला अडवून विचारायचे, हिरो कोण घेतलाय? अजूनही विचारतात. हिरो नाही, गाणी नाहीत, तिकीट नाही. धरणाचं पाणी उतरलं की वर येणाऱ्या शेतांवर एक केला. सारोळ्याच्या पुलाजवळ हायवेच्या कडेला कणसं भाजणाऱ्या बायकांवर एक केला. तो पुण्यात एका हॉलमध्ये दाखवला तेव्हा प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या लावणारे जास्त होते, आणि सारोळ्यातच शाळेच्या भिंतीवर चादर बांधून दाखवला तेव्हा बायकांनी दोनदा लावायला लावला. मी, माझा कॅमेरा आणि आवाज धरायला एक मैत्रीण, एवढाच आमचा कारखाना. पाठीशी कुणी कंपनी नाही, वर कुणी साहेब नाही. आणि हसायचं असेल तर हसा, पण लग्नसराईत मी लग्नं शूट करते. तुमचा धंदा मी करणार नाही म्हणून एके काळी घर डोक्यावर घेतलं होतं ना, त्याच धंद्यावर माझे पिच्चर निघतात.

लग्न शूट करताना तर तुम्ही हमखास आठवता. वेल्ह्याच्या बाजूचं ते लग्न. खांद्यावर घ्यायचा तो अजस्र व्हिडिओ कॅमेरा तुम्ही नवा आणला होता, आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी जरा वेळ माझ्या ताब्यात देऊन तुम्ही वायर बघायला गेलात. मी ऐटीत त्याचं झाकण काढून उभी राहिले. तेवढ्यात कुणा आजोबांनी घाई केली आणि अक्षतांची मूठ नवरदेवावर न पडता थेट भिंगावर. काचेवर हळदीचे ठिपके. तुम्ही मांडवात सगळ्यांसमोर ओरडलात, "झाकण लाव आदी! मान्साला पापनी आसती, ह्येला न्हाई. काम नसंल तवा उघडा ठिवायचा न्हाई." वरमाय वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी हट्टानं झाकण लावायचं सोडलं. पुढं फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेल्यावर त्याला तत्त्वाचं नाव मिळालं, की माहितीपटवाल्याचा कॅमेरा कायम तयार पाहिजे. माझी झाकणं कुठं कुठं हरवलीत याचा पत्ता नाही.

आता मुद्द्यावर येते. पालीच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या उतारावर एक वाडी आहे. खाली पालीत शनिवार-रविवार ट्रेकवाल्यांच्या गाड्या लावायला जागा नसते, पण या वाडीत कुणी चढून येत नाही. उतारावरची नाचणीची शेतं तिथं आता एकदोन घरंच करतात. बाकीच्यांच्या विकलेल्या जमिनींना तारेची कुंपणं आणि लोखंडी गेटं लागली. तिथल्या एका म्हाताऱ्या मावशींच्या मागं मी तीन वर्षं कॅमेरा घेऊन फिरले. बारीक चणीच्या, तोंडानं फटकळ. तरुणपणी राब भाजताना, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळताना, ठिणगी उडाली म्हणून उजवा डोळा जरा बारीक झालेला, कायम काहीतरी नेम धरल्यासारखा. फोटोचं त्यांना भारी वावडं. कुणी मोबाईल समोर धरला की तोंडावर पदर. "आयुक्श कमी हुतं, बया," म्हणायच्या. पहिल्या दिवशी मला त्यांनी वाटेवरनंच परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी सांगितलं, मावशी, फोटो नाही काढायचा. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, एवढीच अट. त्यांनी जरा विचार केला. "बगायचं न्हाई? मग हाय काय त्यात!" आणि खुरपं उचलून चालायला लागल्या.

आणि काय सांगू अण्णा, त्यांनी ती अट जशी पाळली तशी आजवर कुणी पाळली नाही. एरवी माणसं बोलता बोलता चोरून कॅमेऱ्याकडं बघतातच. मावशी नाहीत. राब भाजताना, रोपं लावताना, कणसं खुडताना, जात्यावर, गोठ्यात, मी हातभर अंतरावर असायची आणि त्यांच्या लेखी तिथं हवासुद्धा नसायची. कॅमेऱ्यासमोर त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं असायचं ते सुनेशी, आणि तेही चुलीवरनं. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवर. सून भाकरी थापत असली की मावशी दारातनं, "लाकूड आत सार. आत सार गं, भाईर जळतंया." सून म्हणायची, "सारलंया." मावशी म्हणायच्या, "दिसतंय मला." हा संवाद माझ्याकडं इतक्या वेळा आहे, की मैत्रीण म्हणायची, पिच्चरचं नावच 'लाकूड आत सार' ठेव.

मागच्या महिन्याच्या अखेरीस त्यांच्या मुलाचा फोन आला. मी एडिटिंगला बसले होते, समोरच्या पडद्यावर मावशीच होत्या. "ताई, आई गेली." मी म्हटलं, अरे, काय झालं? "काय न्हाई. दुपारी पडली जरा आडवी, ती उठलीच न्हाई." पडद्यावर मावशी रोपं उपटत होत्या. मला तो पडदा बंद करायचंही सुचेना. मग तो म्हणाला, "ताई, एक काम व्हतं. तेराव्याला फोटू लागतो. आमच्याकडं आधारकार्डाचा तेवडा हाय, त्यात आईवानी दिसतच न्हाई. मोबाईलमदी समदं तोंडावर पदर घेतल्यालं. मनलं ताईकडं लई आसतील. चांगला समोर बगतानाचा एक द्या. मोठा करून भित्तीला लावतो." मी म्हटलं, त्यात काय, उद्या देते. माझ्याकडं शेकड्यांनी आहेत.

शेकड्यांनी होतेच. पण समोर बघतानाचा? सगळं शूटिंग पुन्हा बघायला बसले. तीन वर्षांचा चेहरा, सगळ्या ऋतूंतला, उन्हातला, धुरातला, आणि प्रत्येक ठिकाणी नजर दुसरीकडं. वाफ्यावर, विळ्यावर, सुनेवर, डोंगरावर. आधी मला हसू आलं, मग घाम फुटायला लागला. एक जागा सापडली. मावशी बांधावर बसल्यात, समोरच्या उतारावर राबाचा धूर चाललाय, त्या तिकडं बघतायत. आणि मग हळूहळू वळतायत. माझ्याकडं. काहीतरी बोलायला तोंड उघडतंय. मी खुर्चीतून पुढं सरकले. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून माझाच आवाज येतो, "मावशी, इकडं नाही." आणि त्या तिथूनच परत फिरतात. काय म्हणायचं होतं त्यांना? चहा हवा का, ऊन लागतंय का, की आणखी काही? तीन वर्षांत त्या एकदाच वळल्या होत्या. आता कळायचं नाही. तो आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकला आणि स्वतःच्या गळ्याचा राग आला.

राग आला तसे तुम्ही आठवलात. माणूस गेलं आणि घरात धड फोटो नाही, म्हणून तुमच्याकडं येणारी माणसं. कुणी लग्नातला घोळक्यातला फोटो आणायचं, त्यात आजोबा खाली मान घालून जेवत असायचे. कुणी मयताच्या वेळी तुम्हालाच बोलावून काढून घेतलेला शेवटचा फोटो, मिटल्या डोळ्यांचा. म्हणायचे, डोळे उघडे करून द्या. तुम्ही म्हणायचात, "सख्खं कुनीतरी घिऊन या. ज्येचं डोळं त्येंच्यावर गेल्यात आसं." मग तो मुलगा नाहीतर ती बहीण स्टुलावर बसायची. तुम्ही जवळ बसून नुसते त्यांच्या डोळ्यांत बघत राहायचात, आणि मग केसाएवढ्या बारीक ब्रशनं, काळ्या शाईनं, मेलेल्या माणसाच्या फोटोवर डोळे काढायचात. एकदा आंबवड्याच्या पलीकडून एक नवरा-बायको आले होते. नवऱ्याच्या वडिलांचा फोटो. तुम्ही मुलाचे डोळे बघून म्हाताऱ्याचे काढलेत, फ्रेम पुसलीत आणि काउंटरवर उभी केलीत. सुनेनं फ्रेमकडं बघितलं आणि तिचा हात आपसूक वर गेला, घसरलेला पदर तिनं डोक्यावर घेतला. ती माणसं गेल्यावर तुम्ही ब्रश धुता धुता मला म्हणालात, "बगितलंस का? पदर घेतला. झालं माजं काम."

त्या वेळी आवडली होती मला ती गोष्ट. पण इन्स्टिट्यूटच्या पहिल्या सुट्टीत घरी आले ती शिंगं फुटल्यासारखी. जेवताना तुम्हाला म्हटलं, अण्णा, हे खोटं आहे. मुलाचे डोळे बापाला लावायचे आणि बाप म्हणून विकायचं, ही फसवणूक आहे. आईचा पोळी लाटायचा हात थांबला. तुम्ही भाताचा घास संपवलात, पाणी प्यालात. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. "खरं त्येंच्यापाशी आसतंच की," तुम्ही म्हणालात. "पार सरनापातुर बगितल्यालं आसतंय. खऱ्यासाठी कशाला येतील माज्याकडं? त्येंला आपल्याकडं बगनारं मानूस पायजे आसतंय." मी काहीतरी इंग्रजी पुस्तकातलं उत्तर दिलं. सुट्टी संपून निघाले तेव्हा एसटी स्टँडवर तुम्ही कागदात गुंडाळलेला तो ब्रश माझ्या हातात दिलात. मी म्हटलं, मला कशाला, मी फिल्मवाली. तर म्हणालात, "आसू दे. खात न्हाई काय." गाडी सुटली आणि तुम्ही त्या गर्दीत हात न हलवता नुसते बघत उभे राहिलात.

तो ब्रश काढून टेबलावर ठेवला, पण माझा हात तुमचा नाही. शेवटी धुराकडं बघत असतानाचं ते चित्र, वळायच्या आधीचं, घेऊन मी भोरला आले. आपल्या स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, पण चौकाच्या अलीकडं एक फोटोवाला आहे, मोठ्या फ्रेमा करून देतो. त्याला म्हटलं, एवढा मोठा करून द्या. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्या तर साईडला बघतायत. सरळ करून देऊ? एआय आहे आपल्याकडं. डोळे फिरवतो, मानपण फिरवतो, चहा येईपर्यंत होतंय." मी नको म्हणाले. मग म्हटलं, करा. तेराव्याला घरची माणसं हात जोडून उभी राहणार, आणि मी त्यांना काय देणार, बाजूला बघणारी आई? तीन वर्षं त्यांच्या घरात जेवले, त्यांच्या घोंगडीवर झोपले, आणि द्यायला एक नजर नाही माझ्याकडं. चहा आला तोवर मावशी पडद्यावरून माझ्याकडं बघत होत्या. छान हसत वगैरे होत्या. मी दोन्ही फ्रेमा करून घेतल्या. दुकानातनं बाहेर पडताना वाटलं, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?

तेराव्याच्या आदल्या दिवशी वर गेले. नसरापूरपर्यंत पाऊस नव्हता, वेल्ह्याच्या बाजूला आभाळ भरून आलं होतं. दारात मांडव घातलेला. मुलगा डोकं भादरलेला, एकदम पोरगेला दिसत होता. मला बघून तो नुसता "या ताई" म्हणाला आणि आत वळला. सून चुलीपुढं होती, हात पिठाचे तसेच घेऊन बाहेर आली. मी आधी सरळ बघणारी फ्रेम काढून दिली. मुलानं ती दोन्ही हातांनी धरली. "झाक आलाय," म्हणाला. पण आवाजात काही नव्हतं. सुनेनं मान तिरकी करून बघितलं, जवळ येऊन बघितलं, आणि म्हणाली, "ह्या कोन वो, ताई?"

मुलगा म्हणाला, "आगं, आईच हाय." ती म्हणाली, "आत्याबाईंचा ह्यो डोळा बारीक व्हता. ह्यात दोनी सारकंच हायती. आन आशा कुटं हसत व्हत्या त्या? ही कुनीतरी चांगल्या सोभावाची बाई दिसतीया." मांडवातल्या दोघी-तिघी फिस्सकन हसल्या आणि मग तोंडं दाबून गप्प झाल्या. मुलगाही हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरले. मी सांगून टाकलं सगळं. कॅमेऱ्याकडं बघू नका असं मीच म्हणत होते, म्हणून एकही सरळ नाही, ही मशीननं केलेली आहे, खरी ही दुसरी आहे पण ती बाजूला बघतेय. मला रडू कोसळलं, अण्णा, त्या परक्या मांडवात, हातात फ्रेम धरून. सुनेनं माझ्या हातातनं ती हळूच काढून घेतली. "ह्या हायती," म्हणाली. "ह्या आत्याबाई."

पण लावायची कुठं? मुलाला समोरच्या भिंतीला हवी होती, दारातनं येणाऱ्याला दिसेल अशी. तिथं धरून बघितली, तर मावशी कोपऱ्यातल्या भाताच्या पोत्यांकडं बघायला लागल्या. तो म्हणाला, "आई कुनाकडं बगतीया कायच कळंना." खाली धरली, वर धरली. मग सून म्हणाली, "आना हिकडं." तिनं फ्रेम उचलून माजघराच्या आडव्या भिंतीला टेकवली, जरा डावीकडं सरकवली, थोडी खाली घेतली, नवऱ्याला तिथंच धरायला लावली, आणि स्वतः मागं मागं चालत स्वयंपाकघराच्या दारातनं आत गेली, चुलीपुढं आपल्या जागेवर बसली. तिथनं तिनं वर बघितलं. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. तिचा चेहरा आधी नुसता थांबला, मग ती मोठ्यानं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, तितंच ऱ्हाऊ द्या! गेल्या तरी माज्या चुलीवरचा डोळा काय काडत न्हाईत, बगा!" आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. तीन वर्षांत मी हिला रडताना बघितलं नव्हतं. मुलगा फ्रेम धरून तसाच उभा, त्यालाही ती खाली ठेवता येईना.

कुणीतरी खिळा-हातोडा आणला. खिळा ठोकला, फ्रेम लागली. सुनेनं डोळे पुसले, नाक ओढलं, तव्यावरची भाकरी उलटली. आणि मग फोटोकडं एकदा वर बघून तिनं चुलीतलं बाहेर आलेलं लाकूड हातानं आत सारलं. कुणी काही म्हटलं नव्हतं. माझा कॅमेरा पिशवीत होता आणि तो काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला तुमची ब्रश धुणारी बोटं दिसत होती. नजर तर मी दिलीच नव्हती, ती भिंत त्या पोरीनंच शोधून काढली. पण लाकूड आत गेलं, अण्णा. मी मांडवातल्या बायकांत जाऊन बसले, त्यांच्याबरोबर लसूण सोलला, आणि मुलानं आग्रह केला म्हणून जेवूनच निघाले.

आता तुमच्या फोटोचं. जगाचे फोटो काढलेत आणि तुमचा स्वतःचा एक नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आहे तो माझ्या इन्स्टिट्यूटच्या पहिल्या प्रॅक्टिकलमधला. स्टुडिओवर छोटी फिल्म केली होती. तुम्ही तुमच्या सवयीनं दर मिनिटाला भिंगात बघायचात, आणि मी वैतागून म्हणाले होते, "अण्णा, इकडं बघू नका हो. कामात आहात असं समजा." तुम्ही हसून "बरं बाई" म्हणालात. त्यानंतर एकदाही बघितलं नाहीत. तुम्ही गेल्यावर त्यातलंच चित्र काढून फ्रेम केली. काउंटरच्या कडेला उभे, नजर डाव्या हाताला, रस्त्याकडं. आई अजून टोमणा मारते, ह्यांचं जन्मात माझ्याकडं लक्ष नव्हतं, फोटोत तरी कुठून असणार! मागं ती पुण्याला माझ्याकडं राहायला आली तेव्हा फ्रेम बरोबर घेऊन आली आणि माझ्या खोलीच्या भिंतीला लावून गेली. मला ती कधी धड बघवली नाही. दरवेळी वाटायचं, आत्ता हाक मारली तर वळतील, आणि हाक कोण मारणार.

पालीहून आल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. मग एका सकाळी तो ब्रश घेतला. तुमच्या फोटोची प्रत काढली आणि आरशात माझे डोळे बघून तुमचे फिरवायचा प्रयत्न केला, कारण सगळे म्हणतात माझे डोळे तुमच्यावर गेलेत. जमलं नाही. तुम्ही रागावल्यासारखे दिसायला लागलात. तो कागद फाडून टाकला. मग भिंतीपाशी उभी राहून तुमची नजर कुठं पडते ते बघितलं. रिकाम्या कोपऱ्यात, जिथं मी बॅगा टाकते. बॅगा काढल्या, झाडलं, आणि एडिटिंगचं टेबल ओढत ओढत तिथं नेलं. वायरी पुरेनात, त्या नव्या आणल्या. मावशींचा पिच्चर आता त्या टेबलावर पुरा होतोय. पावसाळा सरला की वर वाडीत नेऊन दाखवायचा आहे. ते वळणं मी त्यात ठेवलंय, माझ्या आवाजासकट.

हे पत्र कुठं टाकायचं म्हणता? भोरचं पोस्ट आहे तिथंच आहे, पण तुमचा पत्ता मला कुठं ठाऊक आहे. टेबलाच्या खणात ब्रशाशेजारी ठेवते. एक सांगायचं राहिलं, आणि सांगायला जरा लाज वाटते, तुमच्यासमोर इतकी वर्षं ताठ मानेनं वागल्यावर. टेबल हलवलं त्या दिवशी पहिल्यांदा तिथं कामाला बसले. कॅमेरा शेजारी पडला होता, नेहमीसारखा उघडा. वर बघितलं. तुम्ही बघत होतात. मी उठले, सगळ्या पिशव्या उपसून एक झाकण शोधून काढलं, ते कॅमेऱ्याला लावलं आणि मग कामाला बसले.